९९.५४ टक्के परतावा, मग माझे शंभर डॉलर गेले कुठे? (व्हिडिओ पोकर)

खिसापाकीट · शनिवार, रात्री १०:१२

गेल्या महिन्यात मेहुणा नागपूरहून आमच्याकडे फीनिक्सला आला होता. आलेल्या पाहुण्याला ग्रँड कॅन्यन दाखवायचं आणि तिथून पुढे लास व्हेगासला एक रात्र काढायची, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम आहे. एरवी मी स्लॉट मशीनमध्ये वीस डॉलर घालतो, दिवे लुकलुकताना बघतो आणि जेवायला जातो. या खेपेला मेहुणा अभ्यास करून आला होता. "भाऊजी, स्लॉट अजिबात नको. व्हिडिओ पोकर खेळायचं. साडेनव्व्याण्णव टक्के परत देतं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मशीन पडद्यावर पाच पत्ते वाटतं. हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, तेवढे नवे पत्ते येतात. शेवटी हातात काय बनलं त्यावर पैसे. किमान गुलामांची जोडी हवी, तिला लावलेले पैसे परत. समोर कोणी खेळाडू नसतो, त्यामुळे चेहरा निर्विकार ठेवायची गरज नाही. माझ्यासारख्याला हे बरं.

पाव डॉलरचं मशीन, एका डावाला पाच नाणी, म्हणजे सव्वा डॉलर. शंभर डॉलर घातले. माझ्या हिशेबाने ९९ डॉलर ५४ सेंट परत यायला हवे होते. दीड तासात शून्यावर आलो. मेहुणा शेजारच्या मशीनवर, तोही साफ.

आता मुद्दा. ड्रायव्हिंग करताना सगळा वेळ आमचा वाद चालू होता. तो म्हणतो आकडा बरोबर आहे, आपलं नशीब वाईट. मी म्हणतो आकडाच थाप आहे. शिवाय त्याचा एक हात माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला आले होते इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि चौकटचा राजा. त्याने दोन्ही राजे ठेवले आणि बाकीचे तीन टाकले. मी म्हटलं, अरे, इस्पिक एक्का आला असता तर रॉयल फ्लश (एकाच जातीचे दश्शी ते एक्का), हजार डॉलर! तो म्हणाला, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही, हे ताईनेच शिकवलंय." ताई म्हणजे आमची सौ. तिथे वाद संपला.

जाणकारांनी सांगावं. कोण बरोबर?

निवांत_बसा · शनिवार, रात्री १०:३१

सौ. बरोबर. बाकी गणित नंतर.

अवांतरकर · शनिवार, रात्री १०:४४

खुर्ची ओढून बसलोय. चहा टाकलाय.

कोपऱ्यातला · शनिवार, रात्री ११:०५

जुगार तो जुगार. एवढ्या मोठ्या इमारती हरणाऱ्यांच्या पैशांतून उभ्या राहिल्यात. टक्के-बिक्के सगळी जाहिरात. मशीनच्या आत काय चाललंय हे कोणाला माहीत?

तर्कटी · रविवार, सकाळी ७:५०

खिसापाकीट, तुमचा मेहुणाही चुकला आणि तुम्हीही. आकडा मात्र थाप नाही.

आधी माझी ओळख. तेहतीस वर्षं पुण्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. आता लेक हेंडरसनला असते, लास व्हेगासच्या बाजूलाच. वर्षातले चार-पाच महिने मी तिच्याकडे. उन्हाळ्यात तिथे बाहेर फिरायला जाणं म्हणजे तव्यावर चालणं, म्हणून मी जवळच्या एका कॅसिनोतून आतल्या आत फेऱ्या मारते. फेऱ्या मारताना मशीनवरची भावपत्रकं वाचत जाते. तिथले रखवालदार आता मला हात करतात. खेळते कमी, वाचते जास्त.

तुमच्या शंभर डॉलरची गोष्ट अशी. ९९.५४ टक्के हे खिशातल्या पैशांचे नाहीत, लावलेल्या पैशांचे आहेत. तुम्ही शंभर डॉलर घातले, पण लावले किती? दीड तासात नवशिक्या माणूस साडेसातशे डाव तरी खेळतो. ७५० गुणिले सव्वा, म्हणजे साधारण ९३७ डॉलर. तेच शंभर डॉलर फिरून फिरून नऊ वेळा मशीनच्या तोंडातून गेले. टक्का त्या ९३७ वर कापला जातो. त्यातले ०.४६ टक्के म्हणजे सव्वाचार डॉलर. हा तुमचा दीड तासाचा सरासरी तोटा, तुम्ही एकही चूक केली नसती आणि मशीन योग्य असतं तर. या दोन्ही अटींबद्दल मला दाट शंका आहे.

दुसरी गोष्ट शब्दाची. एक्स्पेक्टेड व्हॅल्यूला आपण मराठीत 'अपेक्षित मूल्य' म्हणतो आणि तिथेच विद्यार्थी घसरतो. अपेक्षा म्हणजे मनात धरलेली आशा. मुलाकडून अपेक्षा असते, सुनेकडून तर फारच असते. या गणितात तसं काही नाही. जे जे घडू शकतं त्या प्रत्येकाची किंमत घ्यायची, तिला ते घडण्याच्या शक्यतेने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. वजन लावलेली सरासरी, बस. वर्गात मी 'भारित सरासरी' म्हणायचे आणि परीक्षेपुरतं अपेक्षित मूल्य लिहून घ्यायचे. ती सरासरी प्रत्यक्षात कधीच घडत नाही, असंही होऊ शकतं. व्हिडिओ पोकरच्या कुठल्याही डावात ०.९९५४ पट पैसे मिळत नाहीत. मिळतात शून्य, एक, दोन, तीन, चार, सहा, नऊ, पंचवीस, पन्नास किंवा आठशे पट.

त्या मशीनचा फोटो आहे का? पडद्यावर वरच्या बाजूला पे टेबल, म्हणजे भावपत्रक असतं. त्यात फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी) आणि फ्लश (पाचही पत्ते एकाच जातीचे) यांच्यापुढे, एका नाण्याच्या रकान्यात, काय आकडे आहेत ते सांगा. बाकी काही नको.

घाटावरचा · रविवार, सकाळी ९:१५

तर्कटीताई, मस्त. आमच्याकडचं उदाहरण देतो. मटका. सिंगल आकडा लावला की जुना भाव रुपयाला नऊ. आकडे दहा, शून्य ते नऊ. म्हणजे दहातून एकदा नऊ रुपये, नऊदा काही नाही. भारित सरासरी नव्वद पैसे. आणि ताई म्हणतात तसं, नव्वद पैसे हातात पडलेला माणूस आमच्या तालुक्यात आजवर कोणी पाहिलेला नाही. एक तर नऊ रुपये घेऊन मिसळ खाणारा, नाहीतर टपरीवर उधारी मागणारा.

नव्वद टक्के परताव्यावर कल्याण-वरळीच्या मटक्याने गिरणगाव निम्मं रिकामं केलं. त्यामानाने तुमचं मशीन धर्मादाय संस्थाच म्हणायची.

तर्कटी · रविवार, सकाळी ९:४०

घाटावरचा, उदाहरण चपखल. फरक एकच. मटक्यात आकडा लावून झाल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही, बावन्न मार्गांनी स्वप्नं बघून आकडा काढला तरी सरासरी नव्वदच. व्हिडिओ पोकरमध्ये वाटपानंतर तुम्हाला निर्णय घ्यायचा असतो. पाच पत्ते, प्रत्येक ठेवायचा किंवा टाकायचा, म्हणजे ३२ पर्याय. त्या बत्तिसांतल्या प्रत्येकाची भारित सरासरी निराळी. दर वेळी सगळ्यात मोठी सरासरी असलेला पर्याय निवडला तर जो एकूण आकडा येतो, तो परतावा म्हणून छापतात. मशीन तुम्हाला ९९.५४ 'देत' नाही, तेवढं काढून घ्यायची मुभा देतं.

खिसापाकीट · रविवार, सकाळी ११:०२

फोटो सापडला, मेहुण्याच्या सेल्फीत मागे दिसतंय. फुल हाऊस ८, फ्लश ५.

तर्कटी · रविवार, सकाळी ११:२०

वाटलंच. तुमच्या मेहुण्याने वाचलेला ९९.५४ हा आकडा ९/६ मशीनचा आहे: फुल हाऊसला नऊ, फ्लशला सहा. तुम्ही खेळलात ८/५. त्याचा परतावा ९७.३०. खेळाचं नाव तेच, 'जॅक्स ऑर बेटर'. पडदा तोच, खुर्ची तीच. कित्येकदा एकाच रांगेत दोन्ही मशीनं असतात आणि ९/६ कुठेतरी खांबाआड.

हे इतकं सरळ का घटतं ते बघा, मला यातली ही जागा सगळ्यात आवडते. नीट खेळलं तर शंभर डावांत सरासरी १.१५ वेळा फुल हाऊस लागतो आणि १.१० वेळा फ्लश (तीन पत्तीवाल्यांनी 'कलर' वाचावं, फक्त पाच पत्त्यांचा). मग फुल हाऊसचा भाव एकाने कमी केला की परतावा १.१५ टक्क्यांनी खाली. फ्लशचा एकाने कमी केला की १.१० ने खाली. दोन्ही मिळून सव्वादोन टक्के. ९९.५४ वजा २.२५, झालं. म्हणून ९/५ मशीन ९८.४५ चं, ८/६ मशीन ९८.३९ चं, ७/५ म्हणजे ९६.१५ आणि ६/५ म्हणजे नेमके ९५. विमानतळावर किंवा बारच्या काउंटरमध्ये बसवलेलं मशीन दिसलं की आधी हे दोन आकडे बघायचे, मग खिशात हात घालायचा.

तासाला सहाशे डाव, सव्वा डॉलरचा डाव, म्हणजे तासाला ७५० डॉलर फिरतात. ९/६ वर तासाचा सरासरी तोटा ३ डॉलर ४२ सेंट. ८/५ वर २० डॉलर. ६/५ वर साडेसदतीस. पहिल्या भावात सिनेमाचं तिकीटसुद्धा येत नाही. तिसऱ्या भावात दोघांचं जेवण होतं.

सत्ती_अठ्ठी · रविवार, दुपारी १२:१०

आता मेहुण्याच्या हाताकडे वळू या, मला राहवत नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पर्याय एक: दोन राजे ठेवले, तीन पत्ते नवे. उरलेल्या ४७ पत्त्यांतून तीन उचलायचे १६,२१५ प्रकार. त्यांत चार राजे ४५ वेळा, फुल हाऊस १६५ वेळा, तीन राजे १,८५४ वेळा, दोन जोड्या २,५९२ वेळा, आणि उरलेल्या ११,५५९ वेळा नुसती राजांची जोडी, पैसे परत. भावाने गुणून बेरीज केली, भागलं: १.५४ पट. सव्वा डॉलर लावला तर सरासरी एक डॉलर ब्याण्णव सेंट. वाईट काही नाही.

पर्याय दोन: चौकटचा राजा टाकला, चार इस्पिक ठेवली. एकच पत्ता येणार, ४७ पैकी कुठलाही. इस्पिक एक्का: ८००. इस्पिक नव्वी: स्ट्रेट फ्लश (एकाच जातीचे सलग पाच), ५०. बाकीची सात इस्पिकं: फ्लश, प्रत्येकी ६, म्हणजे ४२. इस्पिक सोडून तीन एक्के आणि तीन नव्व्या: स्ट्रेट (कुठल्याही जातीचे सलग पाच), सहा वेळा ४, म्हणजे २४. राजा, राणी, गुलाम यांतला जोडीदार आला तर पैसे परत, ९ वेळा. बेरीज ९२५. भागिले ४७ म्हणजे १९.६८ पट. साडेचोवीस डॉलर!

एक डॉलर ब्याण्णव सेंटसाठी मेहुण्याने साडेचोवीस डॉलरची गोष्ट टाकून दिली.

निवांत_बसा · रविवार, दुपारी १२:२५

पण एक्का येण्याची शक्यता सत्तेचाळिसात एक ना? सेहेचाळीस वेळा माणूस हजार डॉलरला मुकणार. मेहुण्याची बाजू मला पटते.

सत्ती_अठ्ठी · रविवार, दुपारी १२:३८

सेहेचाळीस वेळा हजाराला मुकणार, हे खरंच. आणखी वाईट ऐका. निम्म्याहून जास्त वेळा काहीच मिळणार नाही, हातचा राजाही गेला. राजे ठेवले असते तर एकदाही रिकाम्या हाताने उठायला लागलं नसतं. तरीही राजा टाकणं बरोबर. आठशे भागिले सत्तेचाळीस हेच मुळी सतरा होतं, बाकी सगळं वरचं तूप.

तर्कटी · रविवार, दुपारी १:०५

निवांत_बसा, तुमची शंका वर्गात दरवर्षी निघायची. 'जास्त वेळा काय होईल' आणि 'सरासरी किती पडेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हातचं सोडू नये ही म्हण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. पळत्याच्या अंगावर किती मांस आहे हे ती विचारतच नाही.

आणि उलट बाजूही सांगते, म्हणजे सगळे पळत्याच्या मागे लागणार नाहीत. बदाम गुलाम, किलवर गुलाम, बदामाची दुर्री, छक्की आणि नव्वी. चार बदाम दिसले की नवखा माणूस किलवरचा गुलाम टाकून फ्लशच्या मागे जातो. नऊ बदाम उरलेत, सहाचा भाव, ५४. शिवाय उरलेले दोन गुलाम, ५६. भागिले ४७ म्हणजे १.१९. गुलामांची जोडी १.५४. इथे हातचंच ठेवायचं.

आता जोडी लहान करा, पंज्यांची. नुसत्या जोडीला पैसे नाहीत म्हणून तिची सरासरी ०.८२ वर येते, आणि तिच्यासमोर चार बदाम १.१५ चे. जोडी मोडायची. पण तीच पंज्यांची जोडी आणि सोबत छक्की, सत्ती, अठ्ठी असेल तर? सिक्वेन्ससाठी चव्वी किंवा नव्वी, आठ पत्ते, चारचा भाव, ३२ भागिले ४७, ०.६८. जोडी ठेवायची. हे शेवटचं लोकांना पटता पटत नाही. सरळ रांगेत आलेले पत्ते डोळ्याला गोड दिसतात.

पावशेर · रविवार, दुपारी ३:३०

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. पाच नाणीच का लावायची? एक एक लावून तेच पैसे जास्त वेळ नाही का पुरणार?

सत्ती_अठ्ठी · रविवार, दुपारी ३:४२

पुरतील. पण एक ते चार नाण्यांवर रॉयलचा भाव नाण्याला २५०, पाच नाणी लावली की नाण्याला एकदम ८००. ९/६ मशीनवरही एक नाणं लावून परतावा एका टक्क्याहून जास्त घसरतो. पाव डॉलरची पाच झेपत नसतील तर पाच सेंटच्या मशीनवर पाच लावा, मात्र तिथलं पे टेबल आधी वाचून. लहान नाण्याच्या मशीनला बरेचदा भाव पाडलेला असतो.

कोपऱ्यातला · रविवार, दुपारी ४:२०

हे सगळं ठीक. पण ४७ पत्त्यांतला प्रत्येक पत्ता सारख्याच शक्यतेने येतो हे तुम्ही गृहीत धरलंय. मशीन आतून एक्का दाबून ठेवत नाही कशावरून?

रात्रपाळी · रविवार, संध्याकाळी ५:१०

प्रश्न योग्य आहे. मी नेवाडात राहतो, कॅसिनोशी संबंधित तांत्रिक काम केलंय, कुठे ते सांगत नाही.

नेवाडाच्या गेमिंग नियमावलीत, चौदाव्या क्रमांकाच्या नियमांत, असं आहे की मशीन पत्त्यांचा खेळ दाखवत असेल तर पत्ता येण्याची शक्यता खऱ्या जोडातल्याइतकीच असली पाहिजे. ५२ पत्ते दाखवले की ५२ पत्त्यांसारखंच वागायचं. स्लॉट मशीनला ही अट लागू नाही, तिथे चाकावरचं एखादं चित्र किती वेळा थांबेल हे बनवणारा ठरवतो आणि तुम्हाला बाहेरून कळायला मार्ग नाही. त्यांना किमान ७५ टक्के परताव्याची अट आहे, पण समोरचं मशीन ७६ चं की ९६ चं हे काचेवर लिहिलेलं नसतं.

म्हणून व्हिडिओ पोकरमध्ये कॅसिनोच्या हातात एकच किल्ली उरते: भाव. पत्ते पिसण्यात हात घालता येत नाही, मग फुल हाऊसचे नऊचे आठ करायचे, फ्लशचे सहाचे पाच. आणि ती किल्ली उघड्यावर टांगलेली असते. तर्कटीताई फेऱ्या मारताना जे वाचतात ते तेच.

थोडा इतिहास, असू द्या. हे मशीन रुळवलं साय रेड नावाच्या माणसाने. १९७९ मध्ये त्याच्या कंपनीचं 'ड्रॉ पोकर' आलं, तीच कंपनी पुढे आयजीटी. लोकांना आवडलं कारण माणसांच्या टेबलावर बसायची भीती नाही आणि तरी डोकं चालवल्याचं समाधान आहे. ते समाधान कॅसिनोलाही परवडतं. बहुतेक लोक डोकं चुकीचं चालवतात.

कोपऱ्यातला · रविवार, संध्याकाळी ५:२५

बरं. दाबून ठेवत नाही हे मान्य. जुगार तो जुगार हे कायम.

अवांतरकर · रविवार, संध्याकाळी ५:४०

नळराजाला ही विद्या ऋतुपर्णाने शिकवली होती ना? रथात बसल्याबसल्या बेहड्याची पानं मोजून दाखवली आणि घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात फाशांची विद्या दिली. म्हणजे सरासरीचा पहिला क्लास आपल्याकडे, तोही चालत्या गाडीत.

तर्कटी · रविवार, संध्याकाळी ६:१५

अवांतरकर, ते पानं मोजणं नमुना घेऊन अंदाज बांधण्याच्या जास्त जवळचं आहे असं मला वाटतं, पण हरकत नाही, गोष्ट माझीही आवडती.

मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला: नशीब. खिसापाकीट, तुमच्या ८/५ मशीनवर ७५० डावांचा सरासरी तोटा २५ डॉलर. तुमचे गेले शंभर. मग उरलेले पंचाहत्तर कुठले? थोडे चुकांचे, ते मोजता येणार नाहीत. पण चुका नसत्या तरी शंभर जाणं अगदी साधं होतं. या खेळात एका डावाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनच्या हेलकाव्याचं माप, पैजेच्या सुमारे ४.४ पट आहे. त्याला ७५० च्या वर्गमुळाने आणि सव्वा डॉलरने गुणलं की दीडशे डॉलरच्या आसपास येतं. म्हणजे दीड तासात सरासरीपासून बरंच इकडे-तिकडे जाणं ही रोजची गोष्ट. सरासरी पंचवीस, हेलकावा दीडशे. अशा वेळी एका रात्रीवरून मशीन चांगलं की वाईट हे ठरवणं म्हणजे एका पावसावरून वर्षाचं पर्जन्यमान काढणं.

९/६ वरही शंभर डावांत साडेचोपन्न डाव कोरडे जातात, साडेएकवीस डावांत नुसते आपले पैसे परत. फायद्याचे उरतात चोवीस. त्यांत मोठे हात फार थोडे: चार एकसारखे सरासरी ४२३ डावांत एकदा, रॉयल सुमारे ४०,४०० डावांत एकदा. तासाला सहाशेने सदुसष्ट तास. आणि ९९.५४ पैकी जवळजवळ दोन टक्के एकट्या रॉयलचे आहेत. तो लागेपर्यंत तुम्ही ९७.५६ च्या मशीनवर बसलेले असता. चाळीस हजार डाव खेळूनही रॉयल न लागण्याची शक्यता सदतीस टक्के आहे, म्हणजे तो 'येणं' लागत नाही, थकबाकी साठत नाही. मशीनला मागचं काही आठवत नाही.

घाटावरचा · रविवार, रात्री ८:०५

म्हणजे शंभर टक्क्यांच्या वर जाणारं मशीन नसतंच?

सत्ती_अठ्ठी · रविवार, रात्री ८:३०

असतं. 'ड्यूसेस वाइल्ड' नावाच्या खेळात चारही दुर्र्या जोकर धरतात. त्याचं जुनं पूर्ण भावाचं पे टेबल १००.७६ टक्क्यांचं. कॅसिनोने ते ठेवलं होतं कारण तिथे तितकं बिनचूक खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आता दिसलं तर जपून ठेवावं असं. दुसरी वाट म्हणजे चढता जॅकपॉट: पाव डॉलरच्या ९/६ मशीनवर रॉयलचे हजाराऐवजी १,२२० ते १,२३० डॉलर झाले की बिनचूक खेळाडूसाठी परतावा शंभराला टेकतो. पण आपला हेलकावा तसाच, सदुसष्ट तासही तसेच. तासाला पाच-सात डॉलर सरासरी मिळवायची म्हणून कोणी तेवढा वेळ बसावं का, हे ज्याने त्याने बघावं. मी एकदा हिशेब केला आणि घरी येऊन झोपलो.

पावशेर · रविवार, रात्री ९:१०

गोव्यात मिळतं का हे?

मांडवीकाठचा · रविवार, रात्री ९:३५

पावशेर, मला विचारू नका, मी गोंयकार. १ फेब्रुवारी २०२० पासून आम्हा रहिवाशांना कॅसिनोत जायला बंदी आहे. बोटी रोज बघतो, मांडवीच्या काठावरून. जुगार कायद्याच्या १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत मशीनं आली आणि १९९६ च्या दुरुस्तीने बोटी, एवढं माहीत. तुम्ही गेलात आणि पोकरचं मशीन दिसलंच तर वरचे नेवाडाचे नियम तिथे लागू धरू नका, एवढंच सांगतो. आणि मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचा विचार असेल तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने तो रस्ता बंद झालाय.

पावशेर · रविवार, रात्री ९:४१

नाही हो, मी फुकटच्या अ‍ॅपवर सराव करणार. नवरा म्हणतो भांडी घास.

दुर्री · सोमवार, सकाळी ६:५५

सभासद होऊन दोन वर्षं झाली, पहिलाच प्रतिसाद. सत्ती_अठ्ठी, तुमच्या बेरजेत दोन गडबडी आहेत.

एक, जोडीदार ९ नाहीत. तीन राण्या, तीन गुलाम बरोबर. पण राजे दोनच उरले. चौकटचा राजा आपणच टाकलाय, तो परत येणार नाही. म्हणजे ८.

दोन, मशीन ८/५ होतं, फोटोत दिसलंय. मग सात फ्लशचे ४२ नाहीत, ३५.

८०० अधिक ५० अधिक ३५ अधिक २४ अधिक ८, ९१७. भागिले ४७ म्हणजे १९.५१.

सत्ती_अठ्ठी · सोमवार, सकाळी ८:२०

दोन्ही मान्य. टाकलेला राजा मी परत जोडात घातला. माझ्याबरोबर तीन पत्ती कोणी खेळू नका.

तर्कटी · सोमवार, सकाळी ८:३५

दुर्री, शाबास. मीही ते ९२५ वाचून पुढे गेले होते. आणि मग राजांच्या जोडीचाही फुल हाऊस आठचा धरायला हवा: १.५४ ऐवजी १.५३.

खिसापाकीट · सोमवार, संध्याकाळी ७:१५

सगळ्यांचे आभार. धाग्याची लिंक मेहुण्याला पाठवली. त्याने पूर्ण वाचला म्हणतो. त्याचा निरोप जसाच्या तसा: "भाऊजी, १९.६८ चे १९.५१ झाले. अजून शे-सव्वाशे चुका सापडू द्या, मीच बरोबर निघेन."